खोडासरसा काप

"वरून नको! आधी खालून," शिडीचे पाय धरून माळीकाका ओरडले.

शिडीवर त्यांची सून होती. उद्यापासून दवाखान्याची बाग तिच्या हवाली होणार होती. तिने बदामाच्या जाड फांदीला खालून अर्धवट काप दिला, मग वीतभर पुढे वरून करवत चालवली. साल न सोलता फांदी खाली आली. उरला खुंट.

"हा अगदी खोडासरसा उडवू, मामंजी? गुळगुळीत दिसेल."

"त्याला काय लग्नाला उभं करायचंय? बुडाशी फुगीर कडं आहे ना, त्याच्या बाहेरून काप. जखम त्या कड्यातून भरते. ते गेलं की झाड आतून गेलंच म्हणून समज."

"तुम्हाला बरं आतलं कळतं!"

काकांची नजर फाटकाकडे गेली.

फाटकाजवळच्या गुलमोहराची मोठी फांदी त्यांनी नोकरीच्या पहिल्याच वर्षी खोडासरशी कापली होती आणि वर डांबर फासलं होतं. "याला म्हणतात काम!" असं म्हणून तेव्हाच्या मोठ्या डॉक्टरांनी पाठ थोपटली होती. पुढे साल अशी मिटली की जागा सापडू नये. पण गेली दोन वर्षं तिथे टकटक केलं की आवाज पोकळ येई. काकांना कळत होतं, पण वळत नव्हतं. झाड जाईल आणि त्याच्याबरोबर तीस वर्षांचं नावही जाईल, ही भीती. म्हणून रोज सकाळी ते झाडाखालचं बाकडं भिंतीकडे सरकवत. दुपारपर्यंत पेशंटचे नातेवाईक ते परत सावलीत ओढून आणत.

आत्ताही दोन बायका ते ओढत होत्या. एकीच्या कडेवर तान्हं बाळ होतं.

"खाली उतर," काका सुनेला म्हणाले. बायकांना त्यांनी व्हरांड्यात बसवलं, सुनेला गुलमोहरापाशी नेलं आणि करवतीची मूठ तिच्या हातात दिली. "ठोक इथं."

तिने ठोकलं. पुन्हा ठोकलं.

"हे कुणी केलं?"

"मी."

तिने करवत खाली ठेवली. मग म्हणाली, "डॉक्टरसाहेबांना तुम्ही सांगता की मी सांगू?"

"मीच सांगतो."

झाड धोक्याचं झालंय, एवढंच त्यांनी साहेबांना सांगितलं. दुपारी यंत्राची करवत आली आणि तासाभरात गुलमोहर आडवा झाला. जुन्या कापापासून खाली नुसता तपकिरी भुगा होता. सुनेचा हात कोपरापर्यंत आत गेला.

"वाळवी, दुसरं काय!" साहेब म्हणाले. "तुम्ही कशाला मनाला लावून घेता, काका?"

सून हातावरचा भुगा झटकत काकांकडे पाहत राहिली. काकांना एकदम मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"वाळवी नाही, साहेब," ते म्हणाले. "माझा काप चुकला होता."

साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि बरं, बरं म्हणत ते आत गेले.

संध्याकाळी काकांनी हत्यारं पुसून सुनेच्या स्वाधीन केली. फाटकातून बाहेर पडताना सवयीने त्यांनी बाकड्याला हात घातला. वर आता झाड नव्हतं; लाकूड अजून उन्हाने तापलेलं होतं. त्यांनी ते होतं तिथेच राहू दिलं.