पुसलेलं पान

श्रावणातली सकाळ. न्हाणीच्या पाण्यावर पोसलेलं अळू, श्यामहरित, मखमली. रात्रभर सरी कोसळल्या, तरी पान कोरडंच. मधोमध एकुलता एक थेंब, चंचल, तेजाळ, सारं आकाश पोटात घेऊन बसलेला.

शेजारच्या परसातल्या त्या अळवापाशी अनशामावशी रोज येते. चाळीस वर्षं वाडीतली तान्ही बाळं तिनेच न्हाऊ घातली. वैशाखात अर्धांगाचा झटका आला. पाय सावरले, पण उजवा हात थरथरत राहिला. आता शेजारच्या कुंदाला मुलगी झाली आहे. त्या कुंदालाही मावशीनेच न्हाणलेलं.

मावशीने मनाशी पण केला होता. खुडलेल्या पानावरचा थेंब न सांडता कुंदाच्या उंबऱ्यापर्यंत नेईन, तरच त्या कोवळ्या जिवाला हात लावीन.

नऊ सकाळी थेंब सांडला. नऊ सकाळी ती आल्या पावली परतली.

आज पानावर चिखल उडाला होता. तिने ते पदराने पुसलं, हळुवार, पुन्हा पुन्हा, बाळाचं अंग टिपावं तसं. मग पान खुडलं, बोटाने त्यावर पाण्याचा थेंब सोडला, आणि चालू लागली. जास्वंद मागे पडली. तुळस मागे पडली. थेंब जागचा हलला नाही. उंबरा आला तेव्हा तिचे डोळे भरून आले होते.

तिने पान कलतं केलं. थेंब घरंगळेना. पसरट, मलूल, पानाला चिकटून बसलेला. पाण्याला टिकू न देणारी पानावरची ती धूसर, रुपेरी लव पदराबरोबर पुसून गेली होती. कुणी पाहिलं नव्हतं. गप्प राहिली असती, तरी चाललं असतं.

“कुंदा, पान मी पुसलंय गे. थेंब चिकाटलो. हात अजून कापता.”

कुंदा तिला न्हाणीत घेऊन गेली. मग तिने पाट मांडला.

“मावशे, चेडवाक न्हाणताना पायार निजयतत. तुझे पाय कापतत काय? पाणी मी घालतंय.”

मावशी बसली. पाय लांब केले. खोबरेल माखलेली ती इवली काया नडग्यांवर विसावली, आणि कुंदाने कोमट धार सोडली. पाणी अंगाला लागेचना. मोती झालं, पाठीवरून ओघळलं, दोन म्हाताऱ्या पायांमधल्या पन्हाळीतून वाहत गेलं. न्हाणीबाहेर, अळवाच्या मुळाशी, हळूहळू, हळूहळू.