माईंचा हात कडीवर

सहा वर्षांत माईंनी गाडीच्या खिडकीवरची आधाराची कडी एकदाही धरली नव्हती. त्यांच्या ड्रायव्हरला, सावकाशरावाला, दुसरं सर्टिफिकेट नको होतं. हे नाव त्याला पार्किंगमधल्या इतर ड्रायव्हरांनी ठेवलेलं. ‘काल निघालात ते पोहोचलात का?’ असं रोज कोणीतरी विचारायचंच. विचारेनात बापडे! माईंच्या मणक्याची दोन ऑपरेशनं झालेली, जरा हिसका बसला की त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी यायचं. सावकाशरावाचा पाय इतका हलका, की दर मंगळवारी मणक्याच्या व्यायामासाठी दवाखान्यात जाताना माई मागच्या सीटवर खुशाल डुलकी काढायच्या.

मग माईंचा लेक कायमचा घरी राहायला आला. दोन दिवस गाडी चालवली आणि म्हणू लागला, गाडी मठ्ठ आहे, पाय दाबला तरी उठत नाही. गॅरेजमध्ये नेली. मिस्त्रीने सांगितलं, बिघाड काही नाही. हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स चालवणाऱ्याचा पाय ओळखतो आणि गिअर कधी बदलायचा ते त्यावरून ठरवतो. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, दुसरं काय! लेक तिथून आला तो थेट पार्किंगमध्ये, आणि चार ड्रायव्हरांसमोर सावकाशरावाला म्हणाला, “काका, गाडीला तुमचंच वळण लागलंय. मंद करून ठेवलीत.”

गाडी जे शिकली होती ते सगळं त्याने मिस्त्रीकडून पुसून घेतलं. पुढचे बारा दिवस एकट्यानेच हाकली. सिग्नल सुटला की दामटायची, लाल दिसला की करकचून ब्रेक. सावकाशराव खाली बाकावर माश्या मारत बसला. आता ड्रायव्हर हवाच कशाला, असं लेक घरात बोलू लागला. माई मात्र हटून बसल्या, की त्याच्याशिवाय मी गाडीत पाय ठेवणार नाही. सावकाशरावाची नोकरी एवढ्या एका वाक्यावर टांगलेली होती. शेवटी ठरलं, मंगळवारी त्यानेच चालवावी, लेक शेजारी बसेल, आणि त्याला ठेवायचं की नाही ते माई सांगतील.

इथेच सावकाशरावाने माती खाल्ली. आधी थोडे दिवस गाडी रिकामी फिरवू द्या, तिला माझा पाय कळू दे, एवढं तोंडातून निघालं असतं तर काही बिघडलं नसतं. पण सहा वर्षांचा ताठा! माईंना माझा पाय ठाऊक आहे, म्हणे.

मंगळवारी त्याने तसाच अलगद पाय ठेवला. गाडी दुसऱ्या गिअरमध्येच गुरगुरत राहिली आणि मग एकदम तिसऱ्यात फेकली गेली. पुलाच्या उतारावर पाय काढला, तर मागून कोणी खेचल्यासारखी अडली. त्याने आरशात पाहिलं. माईंनी ओठ घट्ट मिटले होते, आणि त्यांचा हात हळूहळू वर जाऊन कडीवर बसला होता.

“माई, पाय माझा तोच आहे,” तो म्हणाला. “गाडीला साहेबांची सवय लागलीय. आठ-दहा दिवस द्या, मी तिला पुन्हा ताळ्यावर आणतो.”

माईंनी लेकाला विचारलं, “खरं का रे? गाडीला अशी सवय लागते?”

लेक मोबाइलमधून मानही न उचलता म्हणाला, “यंत्राला कसली सवय, आई? वय झालं की माणूस सबबी सांगतो.”

याला म्हणतात चोराच्या उलट्या बोंबा. बारा दिवसांपूर्वी चार माणसांत काय बोलला होता, ते सगळं सावकाशरावाच्या ओठांवर आलं. पण आईच्या तोंडावर लेकाला खोटा कसा पाडायचा? त्यातून तो लेक रोज तिच्या शेजारच्या खोलीत राहणार. सावकाशरावाने नजर पुन्हा रस्त्यावर वळवली, आणि स्वतःचाच त्याला मनस्वी संताप आला.

दवाखान्यापाशी त्याने नेहमीसारखं दार उघडलं, आधाराला हात पुढे केला. माईंनी तो धरला, सांभाळून उतरल्या, कमरेवर तळवा दाबून थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. राग नव्हता त्यांच्या चेहऱ्यावर. राग असता तर बरं झालं असतं.

“मग आता कोणीही चालवली तरी मला सारखीच,” त्या म्हणाल्या.

लेकाने किल्लीसाठी हात पुढे केला.