तिसऱ्या सिलिंडरवरची चीर

मी सिलिंडर हेड बोलतोय. डिझेल इंजिनाच्या माथ्यावर बसणारा लोखंडाचा जड ठोकळा. हेड म्हणजे डोकं खरं, पण विचार करायचं काम मला कधी कुणी दिलं नाही. माझ्या खाली सतत आग पेटते आणि माझ्या पोटातून पाणी वाहतं. त्या दोघांची गाठ पडू द्यायची नाही, एवढंच माझं काम.

फाउंड्रीत, वाळूच्या साच्यात माझा जन्म झाला. पुढे दुकानाच्या फळीवर धूळ खात पडलो होतो. एक दिवस एक म्हातारे मिस्त्री आले. त्यांनी चार हेडं पान्यानं हलकेच वाजवून पाहिली आणि मला उचललं. माझे वॉल्व्ह त्यांनी स्वतःच्या हातानं घासून जागेवर बसवले. त्या कामाला त्यांना अख्खा दिवस लागला, आणि चहा दोनदा गार झाला.

मग मी एका रुग्णवाहिकेत गेलो. ती मिस्त्रींचा मुलगाच चालवायचा. गाडीत बसलेलं प्रत्येक माणूस एकच विचारायचं, अजून किती लांब? आणि तो म्हणायचा, "आलंच." दवाखाना दहा कोसांवर असला तरी हेच. सोळा वर्षं मी हे खोटं ऐकलं आणि मला त्याचा कधी राग आला नाही.

एका दुपारी मागे एक बाळंतीण होती, अडलेली. तिची सासू तिचा हात धरून बसली होती. रस्त्यात इंजिनाचा पाण्याचा पाइप फुटला. तापमानाची सुई लालवर गेली. अशा वेळी इंजिन बंद करायचं, हे त्याला वडिलांनी लहानपणीच शिकवलं होतं. त्यानं सुई पाहिली, एकदा मागे पाहिलं आणि गाडी तशीच दामटली. सात किलोमीटर. माझ्या पोटात थेंब उरला नव्हता. मी भाजत होतो आणि दवाखान्याच्या दारात कुठेतरी आतून तडकलो.

बाई वाचली. मुलगी झाली. त्यानं बॉनेटवर हात ठेवला आणि चटका बसून मागे घेतला.

मिस्त्री तोवर वारले होते. गॅरेज आता त्यांची मुलगी चालवते, म्हणजे ड्रायव्हरची धाकटी बहीण. तिनं मला उतरवलं, धुतलं, रॉकेलनं भिजवलं, कोरडं पुसलं आणि वर खडूची पूड चोळली. थोड्या वेळानं तिसऱ्या सिलिंडरवर, दोन वॉल्व्हच्या मधोमध, पांढऱ्यात एक ओली रेघ उमटली, चिरेत शिरलेल्या रॉकेलची.

तिनं भंगारातून दुसरं एक हेड आणवलं होतं, चंदेरी रंग मारलेलं. मला ते पाहताक्षणीच आवडलं नव्हतं. तिनं रंग खरवडला, तर खाली भरून काढलेली चीर निघाली. वरून कीर्तन, आतून तमाशा. ते तिनं परत पाठवलं. मग खोक्यातलं नवं हेड काढलं. ते नवं आहे म्हणूनही तिनं त्यावर विश्वास ठेवला नाही. वॉल्व्ह किती खोल बसलेत ते मोजलं, स्प्रिंगा ओळीनं उभ्या करून उंची पाहिली, दोन आखूड निघाल्या त्या बदलून आणल्या.

भाऊ मात्र माझ्याच बाजूला बसून होता. बाबांनी बसवलेलं हेड आहे, तो म्हणत राहिला. केसाएवढी तर चीर आहे, एवढ्यावर कितीतरी गाड्या चालतात. चालतात, तीही म्हणाली, सांभाळून चालवल्या तर. मला वाटलं, आता ती विरघळणार. खरं सांगतो, मला परत जायचं होतं. चीर माझ्यात आहे हे ठाऊक असूनही जायचं होतं.

तिनं हातातला पाना खाली ठेवला.

"दादा, खरं सांग. सुई परत लालवर गेली आणि मागे कुणी असलं, तर थांबशील?"

त्यानं फडक्याला हात पुसले.

"नाही थांबणार."

"मग हे नको."

बाबांचं काहीतरी राहू दे, एवढंच तो म्हणाला. तिनं माझं एकेक अंग तपासलं. स्प्रिंगा दमलेल्या, वॉल्व्ह झिजलेले. शेवटी माझ्यावरचं पत्र्याचं झाकण तिनं उचललं. ते नुसतं तेल झाकतं, त्याच्यावर कुणाचा जीव अवलंबून नसतो. ते तिनं घासूनपुसून नव्या हेडवर चढवलं.

आता मी गॅरेजच्या दाराशी पडलोय. उद्या भंगारवाला येईल, पुन्हा भट्टीत जाईन. जाण्याआधी एक मागणं आहे. जुनं इंजिन उघडाल तेव्हा आमच्यातल्या कुणालाही मायेपोटी निवडू नका. आधी खडू लावून बघा. आम्ही तोंडानं सांगू शकत नाही.

आज सकाळी गाडी सुरू झाली. दोघं भाऊबहीण इंजिनाचा आवाज ऐकत उभे होते, तेवढ्यात फोन वाजला आणि तो धावतच गाडीत चढला. रुग्णवाहिका माझ्या समोरून गेली. इतकी वर्षं मी तिच्या आत होतो. ती निघाली की लोक कसे भराभर बाजूला होतात, ते मी आज पहिल्यांदा पाहिलं.