राखलेली सायकल

“सरे, उतर! उतर म्हनते ना! दादाची सायकल हाय ती, तुजी न्हाई.”

आईचा हा आवाज माहेरी, नवलाख उंबरे गावात, शेताच्या बांधावरून आला होता. तेव्हा तिथं कंपन्या नव्हत्या, भाताची खाचरं होती. आवाजात राग फारसा नव्हता, धास्ती होती. सायकल पडली, चाक वाकलं, तर थोरल्यानं तळेगावच्या शाळेत जायचं कसं, ही धास्ती. सरू तेव्हा एवढीशी. दांडीखालून पाय घातलेला, अंग एका कुशीवर कललेलं, अर्धं अर्धं पायडल मारत चाललेली. परकराचा काठ साखळीच्या तेलानं काळा झालेला. ती उतरली, सायकल भिंतीला टेकवली आणि त्यानंतर कुठल्याही सायकलीवर बसली नाही.

आईला जाऊन कैक पावसाळे लोटले. आवाज तेवढा मागं राहिला. शिरगावच्या घरात, पडवीत, सुनेच्या इलेक्ट्रिक सायकलीचा मडगार्ड पुसताना सरूबाईच्या कानात तो मधूनच उठायचा आणि हातातलं फडकं क्षणभर थांबायचं.

सायकल सुनेची, म्हणजे अमृताची. अमृता लोणावळ्याला दवाखान्यात नर्स. शिरगावातून बेगडेवाडी स्टेशनला जायला वेळेवर काही मिळेना, म्हणून लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी सरूबाईच्या मुलानं, प्रदीपनं ही सायकल आणली. दुकानातली सगळ्यात स्वस्त. पायडल मारलं किंवा हँडलची मूठ पिळली की मागच्या चाकातली मोटर हात दिल्यासारखी जोर लावायची. सरूबाईचे मालक श्रीपती रेल्वेत ट्रॅकवर राबून निवृत्त झालेले. त्यांनी सायकलीभोवती एक फेरी मारली आणि निकाल दिला, “खेळनं हाय. दोन पावसाळं काढंल. तिसऱ्याला भंगारवाला.”

त्याला आता सहा पावसाळे झाले.

ते कसे झाले, हे घरात कुणी विचारलं नव्हतं. अमृता संध्याकाळी दमून यायची, सायकल पडवीत लावायची आणि आत जायची. पुढचं सगळं सरूबाईचं. ती किल्ली फिरवून बॅटरी काढायची, दोन्ही हातांनी पोटाशी धरून आत आणायची. लगेच चार्जिंगला लावायची नाही. दमून आलेल्या माणसाला आधी टेकू द्यावं, मग ताट मांडावं, तसं बॅटरीला आधी गार होऊ द्यायचं. मग चार्जर. लाल दिवा लागला की ती भाकरीला बसायची. लहानपणी आईबरोबर जात्यावर गायलेली, त्यामुळे काम हाती आलं की ओवी ओठावर यायचीच. ही तिची स्वतःचीच:

लाल गं दिवा लागे, बाई जेवाया बसली
हिरवा गं दिवा दिसे, ताटावरून उठली

हिरवा दिवा दिसला की वायर काढायची. रात्रभर लावून ठेवायची नाही.

सगळं काही तिला आपोआप आलं नव्हतं. पहिल्या वर्षी तिनं साखळीला खोबरेल चोपडलं. घरात होतं, चांगलं होतं, केसाला चालतं ते लोखंडाला का चालू नये? मार्गशीर्षातल्या एका पहाटे अमृतानं पायडल दाबलं तर साखळी हलेना. मावळातल्या थंडीत तेल गोठून पांढरं झालं होतं, त्यात मुरमाची धूळ बसून लगदा झाला होता. स्टेशनाजवळचा मेकॅनिक संदेश पोट धरून हसला. “मावशी, सायकलीची येनी घालायची व्हती का?” सरूबाईही हसली. पण तिथून शिलाई मशीनचं तेल आणलं. थेंब थेंब सोडायचं आणि वरचं पुसून काढायचं, हे संदेशकडून शिकून घेतलं.

मग एकेक कळत गेलं. मागच्या चाकात मोटर असल्यानं भार मागं, म्हणून तार तुटते ती मागचीच. बोटानं तारा छेडून बघायच्या. सगळ्या एका सुरात वाजल्या तर ठीक, एखादी भसाडी लागली तर ती ढिली. पाण्याचा पाइप मारायचा नाही, ओल्या फडक्यानं पुसायचं. श्रावणात बॅटरीच्या जागेवरच्या पितळी पट्ट्यांवर हिरवट थर चढतो, तो जुन्या दाताच्या ब्रशनं हलकेच काढायचा. ब्रेकचे रबर कुरकुरायच्या आत बदलायचे. गावात दसऱ्याला गाड्यांना झेंडूचे हार पडत. सरूबाईच्या घरी हार घालत नसत, त्या दिवशी ती मंडळी पांढरे कपडे घालून बुद्धविहारात जात. पण नवे रबर तिनं दरवर्षी त्याच दिवशी घालून घेतले, विसरायला नको म्हणून.

चौथ्या वर्षी बॅटरी थकली. जाऊन येऊन दोन दिवस चालायची ती एका फेरीत मान टाकायला लागली. प्रदीप म्हणाला, आता नवीच घेऊ. सरूबाईनं संदेशला घरी बोलावलं, त्यानं सगळं खोलून बघितलं आणि म्हणाला, “सायकल ठनठनीत हाय. पोट तेवढं बदला.” नवी बॅटरी बसली. अमृता हसत म्हणाली, “आई, एवढे लाड माझे करा की कधीतरी.” श्रीपती खाटेवरून म्हणाले, “सून उपाशी ऱ्हाईल, पर सायकल न्हाई.”

रोज पुसून झालं की, बॅटरी काढायच्या आधी, सरूबाई सायकल हातात धरून कोपऱ्यावरच्या चिंचेपर्यंत फिरवून आणायची. काही वाजतंय का ते ऐकायला, असं ती सांगायची. ऐकायचीही. पण मूठ जराशी पिळली की सायकल पुढं ओढ घ्यायची, जत्रेत हात धरून ओढणाऱ्या मैत्रिणीसारखी, ते तिला आवडायचं. अमृताच्या सुट्टीच्या दिवशी, एका दुपारी, रस्त्यावर कुणी नव्हतं. तिनं डावा पाय पायडलवर ठेवला, उजव्यानं जमीन ढकलली, पदर वाऱ्यावर गेला आणि चिंच झपकन जवळ आली. लगेच कानात आवाज. सरे, उतर! ती उतरली. घरी येऊन ताक प्यायली. कुणाला बोलली नाही.

या दिवाळीला प्रदीपनं इलेक्ट्रिक स्कूटर घेतली. तो स्वतः कंपनीच्या बसनं जायचा, म्हणजे स्कूटर अमृताला. सायकल पडवीत उभी राहिली. सरूबाई तिला पुसतच होती. पंधरवडाभरानं जेवताना प्रदीप म्हणाला, “सायकल काढून टाकू. उभी राहून सडेल. कोण चालवणार आता?” त्यानं ताटावरून मान उचलली. “आबांचे गुडघे गेलेले. अमृताला स्कूटर आहे. मला बस.”

घरात माणसं चार. त्यानं तीन मोजली.

सरूबाईच्या हातात आमटीची पळी होती. मी चालवीन, हे दोन शब्द ओठाशी आले. मग साठीला टेकलेली बाई, नऊवारी, चिंचेखाली बसणारी रिकामटेकडी मंडळी, सगळं एकदम डोळ्यांपुढं आलं आणि त्या शब्दांवरून गेलं. “आमटी वाढू का?” तिनं विचारलं.

नंतरचे दिवस तिचे असेच गेले. सकाळी ठरवायचं, आज बोलायचं. भाकरी थापताना शब्द जुळवायचे. अमृता समोर भाजी चिरत बसली की म्हणायचं, “अगं...” तिनं “काय आई?” म्हटलं की सांगायचं, “कोथिंबीर बारीक चिर.” एकदा श्रीपतींना चहा देताना ती म्हणाली, “सायकल जानार म्हनं.” ते म्हणाले, “जाऊ दे. लय कष्ट वाचत्याल तुजं.” बॅटरी अर्धी भरून कपाटात ठेवायची असते, वापर नसला तर, हे तिला ठाऊक होतं. पण ती रोज भरत राहिली. जणू उद्या सकाळी कुणीतरी निघणार होतं.

रविवारी गिऱ्हाईक आलं. प्रदीप म्हणाला होता, साईमंदिराजवळची हारवाली येणार आहे, नंदाबाई. तिच्या मुलासाठी घेत असेल, असं सरूबाईला वाटलं. पण नंदाबाई एकटीच आली. सरूबाईच्याच वयाची, तोंडात तंबाखूची गोळी, कमरेला पिशवी. आल्या आल्या तिनं सायकलीच्या सीटवर थाप मारली.

“हीच का? संदेश म्हनला, डोळं झाकून घे, सरूमावशीची सायकल हाय.”

“अमृताची आहे,” प्रदीप म्हणाला.

“असंल. त्यो तर सरूमावशीचीच म्हनला.”

“चालवणार कोण, मावशी? मुलगा?”

“पोरगं?” नंदाबाई हसली. “त्याला फटफटी लागती. मी चालवनार की! फुलांचं पोतं पहाटं बेगडेवाडीला उतरतं, त्ये डोक्यावर घिऊन येते. मान गेली बाबा माजी. शिकंन चार दिसांत. पडले तर पडले, कोन मला नवरी म्हनून बघाया येनार हाय?”

खाटेवर श्रीपतींना हसू आवरेना. अमृता दारात उभी होती, तीही हसली. सरूबाई हसली नाही. ती नंदाबाईकडे बघत होती. तिच्याच वयाची, तिच्यासारखीच नऊवारीतली ही बाई भर पडवीत, चार माणसांत म्हणत होती, मी चालवणार की. आणि कुणी काही म्हणत नव्हतं. आभाळ जागच्या जागी होतं.

“आई, बॅटरी आण ना,” प्रदीप म्हणाला.

तिनं आणली. पोटाशी धरून आणली आणि बसवली. किल्ली फिरवली नाही.

“नंदाबाई,” ती म्हणाली, “मागची तार तुटती हिची मधनंमधनं.”

“मग बसवून घिईन.”

“पावसाचं लय जपावं लागतंय. बॅटरी रोज काढायची, रोज लावायची. येवढं जड धूड.”

“पोतं उचलते मी बया, ह्ये काय जड?”

“आल्या आल्या चार्जिंगला लावायची न्हाई. गार हू द्यायची. खोबरेल लावायचं न्हाई.”

“खोबरेल कोन येडं लावंल?”

अमृता तोंडावर पदर धरून आत वळली. सरूबाईनं ते पाहिलं नाही. तिचा हात सीटवर होता आणि तो तिथून निघत नव्हता. “चढाला नुसती मूठ पिळून बसायचं न्हाई. आपुनबी पायडल मारायचं. सगळा भार तिच्यावर टाकला तर मोटर तापती. अन् ब्रेक...”

“ब्रेक काय?”

ब्रेकचे रबर दसऱ्यालाच बदललेले. खोटं तिच्या तोंडून निघेना. “ब्रेक चांगलं हायेत,” ती म्हणाली.

नंदाबाईनं तंबाखूची गोळी या गालातून त्या गालात सरकवली. सायकलीकडे बघितलं, सरूबाईच्या हाताकडे बघितलं. आयुष्यभर गिऱ्हाइकांशी गाठ पडलेली बाई ती.

“सरूबाई, एक सांग. तू सायकल विकतीयास का राखतीयास?”

प्रदीपला काही उमगलं नाही. तो आईकडे बघत राहिला. “आई? काय झालं?”

“बोल की गं,” नंदाबाई म्हणाली, आता जरा हळू. “मिठाची गुळनी धरलीस का? मला दुसरी मिळंल. संदेश बघून दील.”

“मी तपासून दीन तुला,” सरूबाई पटकन म्हणाली. “तारा छेडून, पट्ट्या बघून. चांगलीच दीन.”

“दे. पर हिचं काय?”

कानात बांधावरून आवाज आला. या वेळी सरूबाईनं तो सगळा ऐकून घेतला, शेवटपर्यंत. आईला थोरल्याच्या शाळेची धास्ती होती. शाळा कधीच सुटली होती. थोरला गेला, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. तिनं किल्ली फिरवली. सायकलीचा छोटा दिवा लागला.

“राखतीय,” ती म्हणाली. मग प्रदीपकडे वळली. “मला पायजे ती, प्रदीप. मला चालवायचीय. लहानपनी येत व्हती मला, दांडीखालनं पाय घालून, अर्धी. उरल्याली आता शिकंन.”