पत्र्यातली शक्ती

सकाळपासून दवाखान्यापुढे ही रांग लागलेली. सांधे धरलेले म्हातारे, लेकुरवाळ्या बाया, कुरणावरून घोड्यांवर आलेले मेंढपाळ. पत्र्याच्या छपरावरून उतरणारी पन्हळ धरली की हाताला झिणझिण्या येत आणि झाडफूक करून दुखणी बरी करणारा सादिर बक्षी ओरडे, "पूर्वजांची शक्ती! पापी माणसाला जास्त बसते!" मग जास्त झटका बसलेला बिचारा शरमेने गप्पच राही. भामट्याची सोय बघा!

"आता ओल्या हातांनी, अनवाणी धरायची," त्याने फर्मावलं. "बुरुल अपा, या पुढे."

बुरुल अपा म्हणजे माझी आई. ती बूट काढू लागली. त्या छपरावर सौरपट्ट्या मीच बसवल्या होत्या.

मी आडवी उभी राहिले. "अपा, हात लावशील तर मरशील."

"झिपारा, चारचौघांत शोभा करू नकोस!"

"करणार! शोभा माझीच होणार आहे."

सादिर हसला. "बाई छपरावर चढली, म्हणून पूर्वज खवळलेत."

"असं? मग घरातले नमदे आणा रे!"

लोकरीचे जाड नमदे आले. रबरी हातमोजे घालून, लाकडी शिडीवरून मी साऱ्या पट्ट्या झाकल्या. खाली येऊन पन्हळीला मीटर लावला. काटा शून्यावर. मग उघड्या हाताने पन्हळ धरली.

"बोलवा पूर्वजांना, सादिर बैके!" मी त्याला मानाने, थोरल्या भावासारखी हाक मारली.

तो पुटपुटला, घुमला, घामाघूम झाला. काही नाही. मी हात काढला, नमदे खाली ओढले, तसा काटा उसळला.

"ऊन खाणारे पूर्वज!" कुणीतरी म्हणालं आणि रांग हसली.

"ऐका," मी म्हटलं. "पट्टी आवळताना चिमट्याखाली तार चेपली, सोलली, वीज पत्र्यात उतरली. सुटलेली वीज जमिनीत नेणारं अर्थिंगही नाही. हिवाळ्यात जमीन गोठलेली, पहार शिरेना. म्हटलं, वसंतात करू. वसंत गेला. शक्ती नाही, माझा निष्काळजीपणा आहे हा. आणि या बैकेंनी ओल्या हातांनी, अनवाणी पन्हळ कधी धरली? त्यांच्या बुटांचे रबरी तळ बघा!"

अपाने बूट परत चढवले. "माझी लेक चुकली, तिने कबूल केलं," ती म्हणाली. "आता तू बोल, सादिर."

तो घोड्याकडे वळला होता.

त्याच दिवशी मी तार बदलली, अर्थिंगचा गज जमिनीत खोल ठोकला. तुमच्या छपरावर पट्ट्या असतील तर बसवणाऱ्याला विचारा, अर्थिंग कुठंय, दाखव. तो चिडेल, तरी विचारा. बक्षीलाही विचारा. विचारल्याने कुणी मरत नाही. न विचारता माझी आई मेली असती.