स्टुलावरचा खडू

शिंपीमास्तरांची कंबर कित्येक वर्षं दुखत होती आणि तेवढ्या काळात त्यांचा माणसांवरचा विश्वास बराच उसवला होता. त्यामुळे डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन न काढता "झोप कशी लागते?" असं विचारलं, तेव्हाच त्यांना संशय आला. मग जेवता कधी, चालता किती, राग कशाचा येतो, घरात बोलता कुणाशी. कंबर यांची आणि चौकशी अख्ख्या घराची! ही डॉक्टर आहे की सोयरीक जुळवायला आलीय?

"दुखणं पार पळून जाईल असं नाही सांगत," बाई म्हणाल्या. "पण मशीनवरून अधूनमधून उठा, फिरा, वेळेवर जेवा, पुरेसं झोपा. मग त्या दुखण्यासकट काम जमेल."

यावर बायकोनं इतकी जोरात मान हलवली की मास्तर काय ते समजले. दोघी सामील. यांना फिरायला धाडून दुकान सुनेच्या हाती द्यायचा डाव! सून हुशार, टीप सरळ, गिऱ्हाइकांशी बोलणं गोड. आणखी काय पुरावा हवा? आणि एकदा स्टूल सुटलं की मास्तर म्हणजे घरात अडगळ.

तरी ते फिरायला जाऊ लागले. पाळतीवर. कोपऱ्यापर्यंत जायचं, मागच्या गल्लीतून वळसा घालून दुकानाच्या काचेतून डोकावायचं. सून बिचारी आपल्याच मशीनवर. चोर सापडेना, तसा वळसा लांबत गेला. भूक वेळेवर लागू लागली, पाठ टेकताच घोरणं सुरू. बायको खूश. हाही पुरावाच.

शेवटी त्यांनी धंद्यातली युक्ती काढली. निघताना आपल्या पांढऱ्या स्टुलावर खुणेचा पांढरा खडू चोळून ठेवला. बसेल त्याच्या मागे शिक्का!

परत आले तर दारात एक गिऱ्हाईक कोटासाठी हातघाईवर आलेलं. त्याचं बटण लावून, त्याला वाटेला लावून मास्तर बायको-सुनेवर गरजले, "दोघी वळा!"

दोघी वळल्या. स्वच्छ.

"बाबा, आता तुम्ही वळा बरं," सून म्हणाली.

काळ्या पँटीवर स्टूल जसंच्या तसं छापलेलं.

"अहो, कळलं कसं नाही?" बायको म्हणाली. "एरवी स्टूल चाचपत, 'आई गं' करत, हप्त्याहप्त्यानं बसता तुम्ही!"

मास्तरांनी आठवून पाहिलं. खरंच, आज हात टेकला नव्हता. आईलाही बोलावलं नव्हतं.

"दुखतंय अजून," ते घाईनं म्हणाले.

"दुखत असेल की," सून म्हणाली. "स्टूल काही पळत नाही तुमचं. आणि मला तर ते बुटकं पडतं."

संध्याकाळी मास्तर चपला घालून, बायकोकडे बघत दारात घुटमळले.

"अगं, येतेस का? एकट्यानं पाळत ठेवून कंटाळा आला."

"पाळत? कुणावर?"

"तुझ्यावर."

"मग मला यायलाच हवं," म्हणत तिनं चपला शोधल्या.