ताऱ्याच्या कुंडीतली विभूती

या, असं पुढं सरकून बसा. बुवांची गाडी अजून संतपूरच्या अलीकडं आलेली नाही, मृदंगवाला चहाला गेलाय. कीर्तन सुरू व्हायच्या आधी मंडपात नुसतं बसून राहायचं माझ्या जिवावर येतं. तोवर आमच्या औरादच्या गल्लीतली एक हकीकत सांगते. एका निवडुंगाची आहे. हसू नका, पूर्ण ऐका. खोटं असतं तर कीर्तनाच्या मंडपात बसून सांगितलं नसतं.

आमच्या शेजारी बसलिंगप्पांचं घर. किराणा दुकान मुलाच्या हाती दिल्यापासून अप्पा घरीच असतात. त्यांच्याजवळ त्यांची थोरली बहीण यल्लम्मा राहायची, ती त्यांना घरात बसू म्हणायची. सगळी गल्ली तिला यल्लाक्का म्हणायची. गळ्यात लिंग, कपाळाला विभूतीचे आडवे पट्टे, आणि सकाळी तळहातावर लिंग घेऊन पूजा झाल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब नाही. माझ्याबरोबर कीर्तनाला यायची. कीर्तन मराठीत असो की प्रवचन कानडीत, डोलायची सारखीच.

अप्पांचे दोस्त रामराव. हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. त्यांच्या घरात दारातून आत गेलं की समोर बाबासाहेबांचा फोटो, शेजारी बुद्धमूर्ती, आणि खिडकीच्या कट्ट्यावर एक छोटी कुंडी. तीत निवडुंग. मुलगा अमरदीप पुण्याला असतो, त्यानं कधीतरी बियांची पुडी आणून दिली होती. परदेशातल्या वाळवंटातली जात, तिथंही आता फार उरलेली नाही म्हणतात. बऱ्याच बिया पेरल्या, जगलं एवढं एकच. त्याला काटे नाहीत. वरून दाबलेल्या लाडवासारखा आकार, त्यावर आठ फाका आणि प्रत्येक फाकेवर पांढऱ्या ठिपक्यांची रांग. वरून बघितलं की चांदणीसारखं दिसायचं, म्हणून रामराव त्याला तारा म्हणायचे. वर्षावर्षाला नखभर वाढायचं. त्याला पिवळं फूल येतं, आत लाल, असं त्यांनी वाचलं होतं. प्रत्यक्षात बघितलं नव्हतं.

मागच्या वर्षी वैशाखात रामरावांच्या डोळ्याचा पडदा सरकला. दुसरा डोळा आधीच अधू. पुण्याला शस्त्रक्रिया करायची, नंतर बरेच दिवस पालथं झोपायचं, सुधारेल की नाही ते डॉक्टरही सांगेनात. नवराबायको दोघंही जाणार, घराला कुलूप. जाण्याच्या आदल्या संध्याकाळी रामराव कुंडी घेऊन अप्पांकडे आले. मी तिथंच शेंगा निवडत बसले होते.

"अप्पा, औंदा न्हाईतर पुढल्या उन्हाळ्यात हे फुलणार बघा. माझा डोळा राहिला तर मला बघायचंय. तवर तुमच्या हवाली."

"आणा की हिकडं. लेकरावानी सांभाळतो."

"तेच करू नका! माया केली की मरतंय हे. बांबूची काडी मातीत खुपसायची, घटकाभर ठेवायची. पार कोरडी निघाली तरच पाणी. ओली निघाली तर हात जोडायचे अन् मागं फिरायचं."

"पाणी देऊ नका, माया करू नका," अप्पा म्हणाले. "तुमच्या सासऱ्यानं पोरगी देताना असंच सांगितलं हुतं का?"

रामराव हसले. त्या दिवसांत ते फारसे हसत नव्हते.

मातीही त्यांनी विचार करून बनवलेली होती. आमची काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून त्यांनी बिदरकडच्या तांबड्या दगडाचा चुरा आणि वाळू घातली होती. अप्पांनी कुंडी चौकातल्या उंच कोनाड्यात ठेवली. वरून ऊन येतं, खाली कोणाचा धक्का लागत नाही.

आता इथं एक गोष्ट सांगते, ती ध्यानात असू द्या. आमच्याकडं पूजेचं पाणी मोरीत ओतत नाहीत आणि जिथं पाय पडेल तिथंही टाकत नाहीत. झाडाच्या बुडाशी घालतात. यल्लाक्काचं पाणी चौकातल्या जास्वंदीला जायचं. पण अप्पांनी त्याच्या आदल्या दिवाळीत सगळ्या चौकाला फरशी बसवली, जास्वंद काढून टाकली. मग यल्लाक्का तांब्या घेऊन माझ्या दारच्या कण्हेरीपर्यंत यायची. वैशाखानंतर तिचं येणं थांबलं. गुडघा दुखत असेल, असं मी धरून चालले.

रविवारच्या रविवारी पुण्याहून फोन यायचा. "तारा कसाय?"

"मजेत हाय. तुमच्यापेक्षा बरा."

पहिल्यांदा ते खरंच होतं. अप्पा सांगितल्याबरहुकूम काडी खुपसायचे. काडी ओली निघायची, ते मागं फिरायचे. परत काही दिवसांनी बघायचे, परत ओलीच. मृगाचा पाऊस पडून गेला होता, अप्पांना वाटलं हवेतच ओल आहे. त्यांनी स्वतः एकदाही पाणी घातलं नाही. तरी आषाढात निवडुंगाच्या बुडाचा हिरवा रंग उतरून पिवळट झाला. फाका फुगल्या. मातीवर पांढरा थर दिसायला लागला. अप्पांनी फोटो काढून शेतीऔषधांच्या दुकानात दाखवला. दुकानदार म्हणाला बुरशी. औषध आणलं, फवारलं. दोन दिवसांत थर परत हजर.

रविवारी फोन आला. "तारा कसाय?"

"मजेत हाय," अप्पा म्हणाले आणि फोन ठेवून भिंतीकडं बघत बसले.

श्रावण लागला त्या सोमवारी त्यांनी चमच्यानं तो थर खरवडला, बोटांवर घेऊन चोळला आणि नाकाशी नेला. अप्पाही रोज कपाळाला विभूती लावतात. बोटांना ओळख लगेच पटली, ही बुरशी नव्हे, विभूती.

"अक्का!"

मी भिंतीपलीकडून ऐकलं आणि निघूनच आले. यल्लाक्का स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली.

"काय झालं वरडायला?"

"ह्या कुंडीत पाणी तू वतायलीस?"

"व्हय. रोज. पूजेचं."

"कामून? सांगितलं हुतं ना मी, ह्येला पाणी न्हाई द्यायचं म्हणून!"

"तू सांगितलंस पिण्याचं पाणी देऊ नको. हे देवाचं पाणी. पळीभर, ते बी." ती थोडी थांबली. "अन् सगळ्या घराला फरशी केलीस, बसू. एवढीच माती ठेवलीस. कुठं वतू मी? तू उंचावर ठेवलंस, मला वाटलं माझ्यासाठीच ठेवलंस. कुणाचा पाय न्हाई लागत."

यल्लाक्कानं कुंडीत बघितलं, बोटानं त्या फाका दाबल्या. बोट आत गेलं. तिनं हात मागं घेतला आणि खाली फरशीवर बसली.

अप्पांनी मोबाईल काढला. बेंगळूरच्या कुठल्या रोपवाटिकेत तसाच निवडुंग मिळत होता. त्याच मापाचा, फोटोत तर जास्तच देखणा. घरपोच.

"मागवतो," ते म्हणाले. "रामराव परत येईपर्यंत मुरेल. त्यास्नी काय कळणार हाय? तसं बी डोळा..."

बोलून बसल्यावर त्यांना स्वतःलाच लाज वाटली असावी.

"डोळ्यानं न्हाई कळणार म्हणून दुसरं दाखवायचं?" यल्लाक्का म्हणाली. "देवाच्या पाण्यानं मेलं अन् आपण खोट्यानं जगवायचं? दे फोन हिकडं."

"अक्का, आज सोमवार हाय. ते रविवारी करतात."

"मला वार नको सांगू. लाव."

पलीकडं रामराव दुसऱ्यांदा झालेल्या शस्त्रक्रियेनंतर परत पालथे होते, आवाज उशीतून आल्यासारखा घुमत होता. यल्लाक्कानं आडपडदा ठेवला नाही. पाणी कुठलं, किती दिवस, बूड कसं झालंय, सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "रामराव, अपराध माझा हाय. अप्पाला बोलू नका."

"अक्का," रामराव म्हणाले, "मला राग आलाय. लई आलाय. पण त्यो आल्यावर काढतो. आधी सांगा, वरचा मधला भाग दाबून बघा. टणक हाय का मऊ?"

तिनं दाबलं. "टणक हाय."

"मग थोडी आशा हाय. ठाणाकुशनूरला अप्पांचा तो पाव्हणा ड्रॅगनफ्रूट लावतो न्हवं? त्येचा वीतभर लांब, जाड हिरवा दांडा आणा. धारदार सुरी अन् स्पिरिट आणा. संध्याकाळच्या आत झालं पाहिजे. सडणं थांबत नसतंय."

ड्रॅगनफ्रूटही निवडुंगाच्याच कुळातलं. त्याच्या दांड्यावर कलम करायचं होतं. अप्पा मोटारसायकल काढून गेले आणि दुपारी दांडा घेऊन आले. पण सुरी हातात घेतली आणि निवडुंगाकडं बघून परत खाली ठेवली.

"सरक," यल्लाक्का म्हणाली. जन्मभर विळीवर भाजी चिरलेला तिचा हात, सुरी तिनं अशी धरली जशी वांगं कापायला धरावी. फोन मी तिच्या कानाजवळ धरला. पुण्यात पालथा पडलेला माणूस सांगत होता, औरादला ही कापत होती.

"बुडाकडनं एक चकती काढा. आतला रंग काय दिसतोय?"

"तपकिरी."

"सुरी स्पिरिटनं पुसा. अजून एक. आता?"

"मधे तपकिरी कडं हाय."

"पुसा. अजून एक."

"रामराव, राहीना काही. पेढ्याएवढं उरलंय!"

"राहू द्या पेढ्याएवढं. डाग नको. एक तिळाएवढा डाग राहिला तरी सगळं जाईल."

यल्लाक्कानं डोळे मिटले, ओठ हलले, परत उघडले आणि कापलं. आतलं मांस पांढरट हिरवं, स्वच्छ. मधोमध बारीक गोल कडं होतं. दांड्याच्या कापावरही तसंच कडं. दोन्ही कडी एकमेकांवर बसली पाहिजेत, रामरावांनी बजावून सांगितलं. मग दोन्ही घट्ट बांधायची.

"रबर बँड हाय का?"

घरात होते ते वाळून तुटके. यल्लाक्का उठली आणि आतून सुताची गुंडी घेऊन आली. लिंग गळ्यात बांधायच्या शिवदाऱ्यासाठी ठेवलेलं मऊ कोरं सूत. उभं आडवं, अगदी हळू, गुंडाळलं. अप्पा म्हणाले, "अक्का, निवडुंगाला शिवदारा बांधलास."

"बांधला. आता तरी जगू दे म्हणावं."

दांडा कुंडीत कोरड्या मातीत रोवून कलम सावलीत ठेवलं. त्या दिवसापासून यल्लाक्का परत तांब्या घेऊन माझ्या कण्हेरीकडे यायला लागली. गुडघा खरंच दुखायचा, वाटेत दोनदा बसायची. येताजाता मी विचारायची, "काय म्हणतोय तारा?" ती म्हणायची, "बोलायचं काम न्हाई. बघायला बी भ्याव वाटतंय." सूत सोडलं तेव्हा पेढा दांड्यावर घट्ट चिकटलेला होता. पुढं मधोमध नवी पोपटी चमक दिसली तेव्हा अप्पांनी रविवारची वाट न बघता पुण्याला फोन लावला.

दसऱ्याच्या सुमाराला रामराव आले. डोळा वाचला होता, पण अर्धाच. मधोमध दिसायचं, कडेचं धूसर. आल्या आल्या कोनाड्यापाशी गेले आणि कुंडी अगदी नाकाजवळ धरून बघत राहिले.

यल्लाक्का चौकटीला धरून उभी होती. "रामराव, राग काढायचा हुता ना? काढा आता."

"आणलाय की संगं," ते म्हणाले आणि पिशवीतून बेलाचं रोप काढलं. "अप्पा, सब्बल हाय का घरात?"

"कशाला?"

"तुमच्या फरशा काढायला. अक्काचं पाणी पिणारं झाड पाहिजे ह्या घरात. माझं पाणी न पिणारं हाय."

"रामराव, महागाची फरशी हाय!"

"मग जास्वंद काढताना इचार करायचा हुता. अक्का, सब्बल कुठं असती?"

यल्लाक्कानं पहार आणून दिली, अप्पांच्या हातात नाही, रामरावांच्या. कुरकुरत का होईना, अप्पांनीच फरशा उचकटल्या. बेल लावला. दुसऱ्या दिवसापासून पूजेचं पाणी त्याच्या बुडाशी जायला लागलं आणि यल्लाक्काचं माझ्याकडचं येणं परत थांबलं. मला जरा वाईटच वाटलं, खरं सांगायचं तर.

या चैत्रात कळी आली. फूल दुपारच्या उन्हातच उघडतं, संध्याकाळी मिटतं. सगळ्यांना बोलावलं होतं. रामराव खुर्चीवर कुंडीजवळ तोंड नेऊन बसले होते. पिवळं रेशमासारखं, आत लाल. त्यांचा चहासुद्धा तसाच गार झाला. यल्लाक्कानं वाकून बघितलं आणि म्हणाली, "एवढंच व्हय? एवढ्यासाठी पुण्यात पालथं पडून जीव टाकत हुता?"

"व्हय अक्का. एवढ्यासाठी."

"बरं हाय," ती म्हणाली. "सुबक हाय."

त्यानंतरच्या ज्येष्ठात यल्लाक्का गेली. सकाळची पूजा आटोपून, पाणी बेलाला घालून आली आणि भिंतीला टेकून बसली, तशीच. बेल आता अप्पांच्या खांद्यापर्यंत आलाय. अप्पा स्वतः पाणी घालतात. आधी बोट मातीत खुपसून बघतात. बेलाला त्याची काही गरज नाही, पण बघतात.

ती गाडी आली वाटतं, बुवाच असतील. हे बघा, माझी एक विनंती. उद्या सकाळी पूजेचं पाणी कुठल्या झाडाला घालाल, तेव्हा आधी त्याची माती चाचपा, आणि घालताना आमच्या यल्लाक्काची एकवार आठवण काढा.